पाऊण गुंजेचा साठा

शर्वाणी देवतळे बेलटोल्यात उतरली तेव्हा तिच्याजवळ दोन पेट्या होत्या. एकीत कपडे, आणि दुसरीत सोनं शोधायचं यंत्र. गावातल्या बायकांनी दोन्ही उघडून दाखवायला लावल्या. कपडे पाहून त्यांनी नाकं मुरडली, कारण सगळे एकाच मातकट रंगाचे होते. यंत्र मात्र त्या वाकवाकून पाहत राहिल्या. ते जेवणाच्या डब्याएवढंच होतं.

"एवढंसंच?" रतन म्हणाली. रतनच्याच घरी शर्वाणीच्या राहण्याची सोय केली होती. सातवा महिना चालू असल्यामुळे ती कमरेवर हात ठेवूनच उभी राही. "मले वाटलं, ट्रकभर मशीन येईन. हे त डबा हाय. याच्यात भाजीभाकर बी मावनार नाई."

"भाकर नको, याला पानं खायला लागतात," शर्वाणी म्हणाली, आणि बायका खो खो हसल्या.

पण ती खरंच सांगत होती. पूर्व विदर्भाच्या अगदी कडेच्या या जंगलाला जुने लोक सोनपट्टा म्हणत. पणजोबांच्या काळात सोनझरी मंडळी नाल्याची वाळू लाकडी पाटीत धूत आणि दिवसाकाठी मोहरीएवढा कण मिळाला तरी खूश होत. वाळूत कण येतात म्हणजे वर कुठेतरी खडकात सोनं असणार. ते कुठे आणि किती, हे कळायला आजवर एकच रस्ता होता, जंगल कापून आत यंत्रं न्यायची आणि जमिनीला शेकडो भोकं पाडायची.

शर्वाणीच्या डब्यामुळे ती भोकं वाचणार होती. झाडाची मुळं खोल जातात. पाणी शोषताना खडकातलं जे काही विरघळलेलं असेल ते थेंबाथेंबानं वर ओढून घेतात आणि पानांत साठवतात. खाली सोनं असेल तर तेही येतं. अर्थात येऊन येऊन किती येणार? पोतंभर साखरेत एक दाणा वेगळा असावा, त्याच्याहूनही पुष्कळ कमी. डोळ्यांना ते दिसणं शक्यच नाही. पण पानावर एक विशिष्ट किरण टाकला की प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या रंगात उत्तर देतो, आणि सोन्याचं अगदी पुसट उत्तरही हा डबा ऐकू शकत होता. पानाला ओरखडासुद्धा न उठता. दोन हजार एक्केचाळीस साली असा डबा देशात एकच होता, आणि तो शर्वाणीनं पाच वर्षं खपून बनवला होता. सोनपट्ट्याचा अंदाज बरोबर आला, तर पुढची सगळी खनिज-पाहणी अशीच पानांवरून करू, असा शब्द तिच्या खनिज मंडळाच्या मुख्य साहेबांनी, बोरकुटे सरांनी, दिला होता.

अडचण पावसाची होती. आषाढ लागला, नाले भरले आणि शर्वाणीबरोबर येणारी पाच माणसं पलीकडच्या तीरावरूनच परत गेली. एकटीनं हजारो पानं गोळा करायची कशी? विचार करत ती सकाळी ओट्यावर बसली होती, तेव्हा समोरून बायकांची रांग महादेवाच्या देवळाकडे निघाली. प्रत्येकीच्या काखेत टोपली आणि टोपलीत हिरवीगार बेलाची पानं.

"इतका बेल?" तिनं रतनला विचारलं.

"चतुर्मास नाई का! लाखोली हाय. बावीस घरच्या बायका मिळून लाख बेल वाहतो आमी. ज्या घरचा जो बेल, त्याच झाडाचा पाला. दुसरीच्या झाडाले हात नाई लावाचा. आमचा बेल टेकडीच्या मांगं, पाटलिनीचा नाल्याच्या काठाले..."

शर्वाणी ताडकन उठली. बावीस झाडं, गावाच्या चारही दिशांना पसरलेली. प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि रोज, न चुकता, त्यांची पानं एका जागी येऊन पडणार! मंडळानं कितीही पैसे मोजले असते तरी इतकी शिस्तीची माणसं मिळाली नसती.

देवळाची व्यवस्था दुर्पताआजी पाहत. वय ऐंशीच्या पुढे, पाठ वाकलेली, आवाज मात्र खणखणीत. साऱ्या पंचक्रोशीची सुईणही त्याच. आता बाळंतपणं उपकेंद्रात नर्सबाई करत, पण दुर्पताआजी दाराशी बसलेल्या नसतील तर पोरी आत जायला तयार होत नसत.

"देवाले वाहिलेलं परत मांगते?" आजींनी भुवया उंचावल्या.

"परत नाही आजी. नुसतं बघायचंय. पानावर उजेड टाकायचा आणि तुम्ही म्हणाल तिथे सोडून यायचं."

"पानाले भोक पडन?"

"नाही."

"मंग आयक." आजींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "आंघोळ केल्याबिगर हात नाई लावाचा. वास नाई घ्याचा. पायाखाली येऊ नाई द्याचं. आन दिवस बुडाच्या आंदी नाल्यात सोडाचं. रोज. एक दिवस बी नागा नाई. जमते का?"

"जमतं," शर्वाणी म्हणाली खरी, पण नागपूरच्या घरी आठच्या आधी तिनं कधी डोळे उघडले नव्हते. आईच्या उपासतापासांची ती आजवर थट्टाच करत आली होती. देवाकडे काय कॅलेंडर टांगलंय का, असं विचारायची. आता पहाटे थंड पाण्यानं आंघोळ, मग देवळात पाटावर डबा, समोर निर्माल्याची परडी, एकेक पान उचलून पालथं ठेवायचं, वाचायचं, पुन्हा परडीत. संध्याकाळी परडी डोक्यावर घेऊन नाल्यावर. पहिल्या आठवड्यात ती कुरकुरली, दुसऱ्यात गप्प झाली, आणि तिसऱ्यात एकदा ताप अंगात असताना रतननं "आज राहू द्या" म्हटलं तर तिलाच कसंनुसं झालं. गेली ती कांबळं पांघरून. नेम धरला की तोच आपल्याला धरून ठेवतो, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

फोनवर आई हसून हसून दमली. "कोण गं हे? आंघोळीशिवाय चहा न घेणारी?"

"आई, हे शास्त्र आहे."

"असू दे की. माझं कुठे काय म्हणणं आहे!"

शास्त्रात तिनं कसूर केली नव्हती. पानांवर हळद, कुंकू आणि गंधाचा टिळा असायचा. पान धुऊन घेतलं तरी शिरांमध्ये थोडं राहणारच. म्हणून तिनं हळदीची पूड तपासली, कुंकू तपासलं, चंदनाचं खोडही डब्यासमोर धरलं. तिन्हींत सोनं शून्य. मग ती निश्चिंत झाली.

श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारी तिनं साऱ्या आकड्यांची सरासरी काढली आणि पाहतच राहिली. बावीसच्या बावीस झाडांत सोनं होतं. नकाशावर बेलटोल्याभोवती पिवळं वर्तुळ उमटलं होतं, बांगडीसारखं. गणित म्हणत होतं, गावाखाली अकरा टन सोन्याचा साठा असावा.

तिनं लगेच प्राथमिक अंदाज सही करून पाठवला.

बोरकुटे सरांचा फोन तासाभरात आला. "देवतळे! अहो, काय केलंत हे! आता तुमचा डबा देशभर जाणार. पाणी उतरलं की रस्ता आखायला माणसं पाठवतो. गावाला काय, नवी घरं देऊ बांधून, पक्की."

"गाव हलवायचं, सर?"

"मग सोनं काढायचं कुठून? गावाखालीच ना ते?"

ही बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. पहिले दोन दिवस नुसती धमाल. पाटलिणीनं चूल सारवायचं थांबवलं, म्हणे सोनं सारवलं जाईल. रतनच्या नवऱ्यानं, महादूनं, न्हाणीघरात हातभर खड्डा खणला आणि आईच्या शिव्या खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी पाणी थोडं उतरलं आणि पलीकडून मंडळाची दोन माणसं आली. त्यांनी रस्ता जाणार होता तिथल्या झाडांवर लाल पट्टे ओढले. बावीसपैकी चौदा बेलांवर पट्टा आला. त्यांत रतनचाही होता.

त्या दिवशी बायकांनी पट्टा आलेल्या बेलांचाही पाला नेहमीसारखाच तोडला.

"आमची सासू नवी नवरी आली तवा तिनं लावला तो बेल," रतन एवढंच म्हणाली. रागावली नाही. ताटात भाकरी नेहमीसारखीच वाढली. शर्वाणीनं मात्र ती तशीच ठेवली. या घरांत तिनं दोन महिने काढले होते. तिच्या आकड्यानं ती उठणार होती. आणि आकडा खरा असेल तर तो खोटा म्हणण्याची सोय तिला नव्हती.

तिनं एवढंच ठरवलं की आकडा पुन्हा तपासायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी टेकडीमागे गेली, रतनच्या बेलाचं एक पान तोडलं आणि तिथेच डब्यापुढे धरलं.

शून्य.

दुसरं पान. शून्य. दहा पानं. डब्यानं हूं की चूं केलं नाही. यंत्र बिघडलं म्हणून तिनं स्वतःच्या कानातलं समोर धरलं, तर डबा केकाटला. म्हणजे यंत्र धडधाकट होतं. झाडाचं पान झाडावर असताना त्यात सोनं नव्हतं, आणि तेच पान महादेवाच्या पिंडीवरून आलं की होतं!

शर्वाणी कपाळाला हात लावून ओल्या गवतात बसली.

देवळात येऊन तिनं सरासरी बाजूला सारली आणि रोजचे आकडे दिवसागणिक मांडले. हे खरं तर पहिल्यांदाच करायचं. एक विचित्र चित्र तयार झालं. सोनं एखाद्या दिवशी एकदम वर चढे, मग रोज थोडं थोडं उतरे, पुन्हा एकदम चढे. असं दोनदा. आणि मध्ये एक दिवस साफ कोरा. खडकातलं सोनं वारतिथी पाहून कमीजास्त होत नसतं.

"आजी," तिनं विचारलं, "आषाढ वद्य अष्टमीला काय झालं होतं?"

"त्या दिशी मी नव्हतो इथं. भुरकुटोल्याले गेल्तो, बाळंतपनाले. बायकायनं बिनगंधाचाच बेल वाहला. दुसऱ्या दिशी आलो त महादेवाची माफी मांगतली."

"म्हणजे गंध तुम्हीच उगाळता? सगळ्यांचं?"

"मंग? माझ्या सहानीवर."

शर्वाणी चंदनाच्या खोडाकडे पाहू लागली. खोड तर तिनं तपासलं होतं. ती पुढे काही विचारणार, इतक्यात महादू धापा टाकत आला. "आजी, चला! रतनले कळा सुरू झाल्या!"

आजी उठल्या. त्यांनी कोनाड्यातली काळी सहाण उचलून पदरात घेतली. शर्वाणीला वाटलं, म्हातारीला घाईत काही सुचेना झालं. बाळंतपणाला सहाण कशाला?

उपकेंद्राच्या ओसरीवर दोघी चार तास बसल्या. दुपारी आतून बारीक, चिडका आवाज आला आणि नर्सबाईंनी दारातून डोकं काढलं. "मुलगी! तीन किलो दोनशे! आजी, तुमचं काय ते आणा आता, ही हट्ट धरून बसलीय."

दुर्पताआजींनी सहाण स्वच्छ धुतली. मग उजव्या हाताच्या बोटातली अंगठी काढली. तारेइतकी बारीक झालेली, एका बाजूनं चपटी. नर्सबाईंनी मधाला मनाई केल्यापासून आजी आईच्याच दुधाचे दोन थेंब घेत. ते सहाणेवर पडले आणि आजींनी अंगठी त्यावर हलकेच फिरवायला सुरुवात केली. एक वेढा, दोन, तीन, असे सात.

"आजी, हे काय करताय?" शर्वाणीनं विचारलं.

"सोनं उगाळून राहिलो. जन्मल्याबराबर लेकराच्या जिभेले लावतो आमी. बुद्धी उजळते. सोनझऱ्यायनं याच नाल्यातून काढलेलं सोनं हाय हे, माझ्या आजेसासूच्या बोटातलं. तवा चांगलं जाडजूड होतं म्हनते, बोटात घालून घालून बी झिजलं."

"आणि याच सहाणेवर रोज गंध?"

"एकच त सहान हाय माय. देवाची आन लेकराची वेगळी कायले पाह्यजे?"

शर्वाणीला हसू फुटलं. आधी बारीक, मग आवरेना. ओसरीच्या खांबाला धरून ती हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आतून रतन ओरडली, "काय झालं व मॅडमले? पोरगी माही झाली आन रडतात त्या!"

सहाणेच्या बारीक छिद्रांत सोनं मुरत होतं. बाळ जन्मलं की ताजं. मग रोज चंदन उगाळताना थोडं थोडं सुटून गंधात उतरत होतं आणि गंधातून बेलावर. उतरत उतरत संपत यायचं, तोवर कुणाच्या तरी घरी पाळणा हलायचा. एवढ्या दिवसांत तिनं सोन्याचे दोन उंच सुळके पाहिले होते. एक पाटलिणीच्या नातवाचा, दुसरा भुरकुटोल्याच्या जुळ्यांचा. माणसं जन्माला आल्याची नोंद ती खडकाच्या नावावर टाकत होती! चंदन तपासलं, कुंकू तपासलं, पण ज्या दगडावर ते रोज फिरत होतं तो दगड तपासायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. लहानपणापासून घरोघरी सहाण पाहिलेली. तिच्याकडे संशयानं कोण बघणार?

दुसऱ्या दिवसापासून तिनं झाडावरचीच पानं वाचली. बावीस बेल, शिवाय मोह, साजा, तेंदू. सगळीकडे शून्य. अकरा टनांतला एक कणही उरला नाही.

आता बोरकुटे सरांना सांगायचं होतं. फोन हातात घेऊन ती बराच वेळ बसली. डब्यावरचा विश्वास उडाला की पाच वर्षं पाण्यात. न बोललं, तर रस्ता होईल, चौदा बेल जातील, गाव उठेल, आणि सहा महिन्यांनी खोदल्यावर खाली नुसता मुरूम. बाहेर बाळाला न्हाऊ घालत होते. पोरगी गावभर ऐकू जाईल अशी रडत होती. शर्वाणीनं नंबर लावला.

"सर, माझा अंदाज चुकलाय. पूर्ण. या, दाखवते."

"आठवड्याभरात पोचतो," सर कोरड्या आवाजात म्हणाले.

नेमका तो बाळाचा बारावा दिवस, बारशाचा निघाला. सर नाला ओलांडून, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आले तेव्हा देवळासमोरच पाळणा सजला होता आणि बायका गाणं धरून होत्या. कुणी त्यांना आधी काही बोलूच दिलं नाही. हातात घुगऱ्यांचा द्रोण दिला, पाटावर बसवलं. मग शर्वाणीनं देवळात नेऊन सारं मांडलं. झाडावरचं पान, शून्य. पिंडीवरचं पान, सोनं. आणि मग डबा सहाणेसमोर धरला. डबा असा किंचाळला की पाळण्यातली पोरगी दचकून उठली.

बोरकुटे सरांनी दिवसागणिक काढलेला आलेख हातात घेतला. "हा सुळका?"

"माहा नातू," पाटलीण दारातून म्हणाली.

"आणि हा?"

"भुरकुटोल्याची जुळी. म्हनून उंच हाय," दुर्पताआजी म्हणाल्या. "दोन लेकरं, चौदा वेढे."

सरांचे ओठ थरथरले. मग ते इतके हसले की घुगऱ्या सांडल्या. डोळे पुसत म्हणाले, "देवतळे, तुमचा अंदाज भिकार आहे. यंत्र मात्र... अहो, यानं दगडात मुरलेलं बाळगुटीचं सोनं पकडलं! तेही जुळं ओळखलं! असं कान असलेलं यंत्र मी सोडतोय होय? उत्तरेकडचा पट्टा तुम्हीच पाहायचा. पानं झाडावरचीच घ्या मात्र." त्यांनी आलेखाची घडी घातली. "लाल पट्टे मी पुसायला सांगतो. पण अहवाल दुरुस्त करून तुम्हालाच द्यावा लागेल. साठ्याचा रकाना कोरा ठेवता येत नाही."

शर्वाणीनं विचारलं, "आजी, आजवर किती लेकरांना सोनं चाटवलंत?"

आजींनी तिला देवळाच्या मागच्या खांबापाशी नेलं. तिथे कुंकवाचे ठिपके होते, खालपासून वरपर्यंत, ओळीनं. सर्वांत खालचे आजेसासूच्या हातचे, काळपट पडलेले. वरचा ताजा, रतनच्या लेकीचा. शर्वाणी मोजत बसली. चारशे बारा. सात वेढ्यांत अंगठी किती झिजते हे ती आधीच मापून आली होती. गुणाकार सोपा होता. साऱ्यांचं मिळून सोनं भरलं पाऊण गुंज. लाल काळ्या गुंजेचं एक बी तराजूत टाकावं, त्याहूनही हलकं.

ती तिथेच ओट्यावर बसून लिहू लागली.

"पाळण्यापाशी ये पोरी आंदी," आजींनी हाक मारली. "लिहजो मंग. तुले कोनी चाटवलं होतं का सोनं?"

"नाही आजी. दवाखान्यात जन्मले, नागपूरला."

"तरीच सहान दिसली नाई तुले!" बायकांत हशा पिकला. आजींनी अंगठी काढली, पाण्याचे दोन थेंब टाकून सात वेढे घेतले आणि बोट पुढे केलं. "उघड तोंड."

एकोणतीस वर्षांच्या शर्वाणीनं निमूट तोंड उघडलं. चव कसलीच नव्हती. थोडी चंदनाची, थोडी दगडाची. आजींनी तिला खांबापाशी नेऊन रतनच्या लेकीच्या ठिपक्याशेजारी एक ठिपका लावला.

त्या संध्याकाळी परडी नाल्यात सोडून आल्यावर तिनं अहवाल पुरा केला. मंडळाच्या कपाटात तो आजही आहे.

बेलटोला. सोन्याचा एकूण साठा : पाऊण गुंज. ठिकाण : चारशे बारा माणसं. काही गावात, काही दूर शहरांत, काही देवाघरी. उत्खनन : शक्य नाही. साठ्यात दरवर्षी थोडी वाढ होते.

त्यातला चारशे बारा हा आकडा पेनानं खोडून वर चारशे तेरा केलेला आहे, आणि दुरुस्तीशेजारी नियमाप्रमाणे तिची सही आहे.